हक्काचं पाळणाघर

माझी मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण, पण आमच्या वस्तीत ती माझ्या एकटीची कधीच नव्हती. तिच्या पुढ्यात ज्यांना वाचा फुटली ती पोरं, त्यांच्या आया, दूधवाला, झालंच तर तिच्याहून वयानं मोठे असलेले काही बाप्येसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा. मी पाय आपटून सांगायचे, "ही माझी मावशी आहे!" त्यावर ती म्हणायची, "तुझीच गं बाई. बाकीच्यांना नुसती भाड्यानं दिलीय."

आमच्याकडच्या बहुतेक बायका लाँड्रीत कामाला होत्या. लाँड्री म्हणजे नाक्यावरचं दुकान समजू नका. मोठमोठ्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, टॉवेल, पडदे धुणारा तो कारखानाच होता. उंच पत्र्याखाली एका बाजूला धुलाईची यंत्रं, मग पिळायची यंत्रं, आणि शेवटी वाफेचा रोलर. ओली चादर इकडून आत सरकवायची, ती तिकडून पापडासारखी कडक होऊन बाहेर यायची. आत इतकी वाफ की भिंतींनाही घाम फुटायचा. माझी आई घडी घालायच्या टेबलावर होती आणि मावशी रोलरवर.

ज्यांच्या घरी कुणी नव्हतं त्या बायका तान्ही पोरं बरोबर घेऊन यायच्या आणि मळक्या कपड्यांच्या ढिगाआड निजवायच्या. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. एके दिवशी रांगणारं एक पोर वाफेच्या नळापर्यंत गेलं आणि त्यानं नळाला तळहात लावला. पोर वाचलं, पण त्याची मूठ पुन्हा नीट मिटली नाही. दुसऱ्या दिवशी दारावर हुकूम लागला, की मुलांना आत आणायचं नाही. बायका मॅनेजरकडे गेल्या. इतक्या बायका कामाला असतील तिथं मालकानं पाळणाघर द्यायला हवं, असं कायदाच सांगतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला, "विचार चालू आहे." तो विचार इतका चालला की ज्यांच्यासाठी मागणी केली होती ती पोरं शाळेत जायला लागली.

मावशीला मूल नव्हतं. नवरा काम शोधायला म्हणून बाहेरगावी गेला तो गेलाच. दोन खोल्यांत ती एकटी राहायची. नळाशी भाजलेलं ते पोर तिनंच उचलून पळत दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं रोलर सोडला आणि बाहेरच्या खोलीत पोरं सांभाळायला सुरुवात केली.

कपडे वाहून न्यायच्या वेताच्या मोठ्या टोपल्या लाँड्रीतून बाद व्हायच्या. त्यांत जुन्या चादरी अंथरून तिनं तान्ह्यांसाठी बिछाने केले. कुणी दूध आणायचं, कुणी साबण, कुणी सुट्टीच्या दिवशी येऊन खोली धुऊन द्यायचं. ज्या बाईकडे द्यायला काहीच नव्हतं ती गाणी म्हणायची, आणि इतकी भसाड्या आवाजात म्हणायची की पोरं घाबरून गप्प व्हायची. भांडणं तर रोजची. "माझ्या पोराला दुपारी जास्त झोपवू नका, रात्री मला जागवतो," असं एकीनं म्हणायचं, आणि "मग तूच ये त्याला जागं ठेवायला," असं दुसरीनं सुनवायचं. दर सुट्टीला सगळ्या खाली बसून पुढच्या आठवड्याचं ठरवायच्या. आरडाओरडा करून का होईना, पण ठरवायच्या त्याच. आभार कुणी कुणाचे मानत नव्हतं. तसं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

हे असं पुष्कळ वर्षं चाललं. मी त्याच टोपल्यांमध्ये वाढले.

मग मालकांचा ट्रस्ट आला. बड्या हॉटेलवाल्यांनी तेव्हा लाँड्रीच्या मालकांना विचारायला सुरुवात केली होती, की आमच्या चादरी धुणाऱ्या बायकांसाठी तुम्ही काय करता? मालकांनी आपल्या दिवंगत आईच्या नावानं ट्रस्ट काढला आणि त्याचं अध्यक्षपद बायकोकडे दिलं. तिला सगळे बाईसाहेब म्हणत.

बाईसाहेब वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्ची नाकारून त्या खाली फरशीवर बसल्या. एक शेंबडं पोर त्यांच्या अंगावर चढलं, तर स्वतःच्या रुमालानं त्याचं नाक पुसलं. भाजलेल्या पोराची हकिकत ऐकून त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. मावशीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानं किती करणार?"

"एकटी कुठं आहे?" मावशी म्हणाली. "ह्या सगळ्या आहेत की."

बाईसाहेब कौतुकानं हसल्या. हा मावशीचा विनय आहे असं त्यांना वाटलं.

लाँड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्या नवं पाळणाघर बांधून देणार होत्या. रंगीत भिंती, पंखे, गरम पाणी, खेळणी, आणि सगळं फुकट. वस्तीत आनंदीआनंद झाला. एकट्या माझ्या आईचं तोंड वाकडं.

"पाळणाघर द्यायचं तर लाँड्रीनं द्यावं," ती मावशीला म्हणाली. "मधेच हा ट्रस्ट कुठून आला?"

"तुला काय करायचंय? पैसा त्याच खिशातला ना?"

"खिसा तोच गं. पण उद्या दाराला कुलूप घातलं तर भांडायला जाणार कुणाकडे? लाँड्रीशी भांडता येतं. दान देणाऱ्याशी कसं भांडणार?"

"तुझं आपलं कायम उलटंच," मावशी म्हणाली. "पोरांना पंखा मिळतोय, तो घेऊ दे की."

इमारत झाली. दारावर मालकांच्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. मावशीला पगार सुरू झाला, छातीवर ट्रस्टचं चिन्ह असलेला फिकट निळा अंगरखा मिळाला. आणि ट्रस्टच्या सचिवांनी आणखी एक गोष्ट सुचवली, मावशीला ट्रस्टी करून घ्यायची. सचिव हा सडपातळ, मृदू आवाजाचा गृहस्थ. त्याचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नाही. बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. "वस्तीचा आवाज आपल्या टेबलाशी असायला हवा," असं गोडबोल्या म्हणाला आणि मावशीचा फोटो काढून घेतला.

पहिल्या बैठकीहून आली तेव्हा मावशी हसून हसून सांगत होती, "अगं, खुर्चीला चाकं! टेकायला गेले की मागंच जाते. अख्खी बैठक मी टेबलाची कड धरून काढली. काय बोलले ते कुणाला ठाऊक!"

पुढच्या बैठकांत मात्र ती बोलायला लागली. लाँड्रीची पहिली पाळी उजाडताच सुरू व्हायची, आणि ट्रस्टचं पाळणाघर उघडायचं ऑफिसच्या वेळेला. मधल्या वेळात पोरांनी जायचं कुठं? गोडबोल्या म्हणाला, "फार मोलाचा मुद्दा आहे. आपण त्याची नोंद घेऊ." पुढच्या बैठकीत तिनं पुन्हा तेच विचारलं, पुन्हा नोंद झाली. तिचा एकही मुद्दा कधी नाकारला गेला नाही. त्याचं पुढं काही झालंही नाही. शेवटी मावशीनं आपली बाहेरची खोली पहाटेसाठी परत उघडली. आधी तिथं पोरं सांभाळायची, मग त्यांची रांग करून ट्रस्टच्या इमारतीत न्यायची, अंगरखा चढवायचा आणि तीच पोरं पुन्हा सांभाळायची.

सुट्टीच्या दिवशी खाली बसून ठरवणं बंद झालं. ठरवायला आता ऑफिस होतं. पाहुणे यायचे असले की पोरांना आदल्या दिवशी आंघोळ घालून, नवे कपडे घालून स्वागताचं गाणं बसवलं जायचं. आयांनी दोन शब्द आभाराचे बोलावेत असं ठरलेलं असे. भसाड्या आवाजाची ती बाई एकदा पाहुण्यांना म्हणाली, "पंखे छान आहेत, पण सकाळी दार लवकर उघडा." तिला पुन्हा बोलायला उभं केलं नाही. आणि मावशीच्या त्या वेताच्या टोपल्यांमधली सगळ्यांत जुनी टोपली काचेच्या कपाटात ठेवली गेली, खाली लिहिलं, 'सुरुवात इथून झाली'. पाहुणे तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचे.

मावशी हे सगळं चालवून घेत होती. "चालायचंच," म्हणायची. पोरं बाळसं धरत होती, हेही खोटं नव्हतं.

मग रोलरवर अपघात झाला.

मावशीच्या जागी जी बाई रोलरवर आली होती तिला सगळ्या रोलरवालीच म्हणत. मोठ्यानं हसणारी, धिप्पाड बाई. तिची मुलगी पाळणाघरात दिसेल त्याला चावायची, आणि ही वर अभिमानानं सांगायची, "माझ्यावर गेलीय." लाँड्रीत काम वाढलं होतं, रोलरचा वेगही वाढवला होता. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात चुकून पुढं गेला की दांडीला धक्का लागून यंत्र थांबतं. पण चादरीचा नुसता बोळा आला तरी यंत्र थांबायचं, आणि त्यात वेळ जायचा, म्हणून मुकादमानं ती दांडी तारेनं बांधून टाकली होती. रोलरवालीचा उजवा हात चादरीबरोबर आत गेला. यंत्र बंद करेपर्यंत मनगटाखाली काही राहिलं नव्हतं.

त्या दिवशी बायका यंत्रं सोडून बाहेर आल्या आणि फाटकासमोर बसल्या. त्यांचं मागणं अगदी साधं होतं: दांडी मोकळी करा, वेग कमी करा, आणि रोलरवालीला कायद्यानं जी भरपाई आहे ती द्या.

दुसऱ्या दिवशी गोडबोल्या पाळणाघरात आला आणि लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसला.

"मावशी, आया तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना समजवा."

"काय समजवू?"

"की हा मार्ग बरा नाही. आणि ट्रस्टनं यात न पडलेलंच बरं. ट्रस्ट वेगळा, लाँड्री वेगळी."

"वेगळी आहे ना? मग तुम्ही कशाला आलात?"

गोडबोल्याला राग येत नसे. तो म्हणाला, "मी फक्त मुलांच्या काळजीपोटी आलोय," आणि उठून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी पोरांची रांग घेऊन गेली तर दाराला कुलूप. नव्या कागदावर नवा नियम चिकटवला होता: ही सुविधा फक्त कामावर हजर असलेल्या मातांच्या मुलांसाठी आहे.

मावशी पोरांना परत सोडून आली आणि अंगरख्यातच बाईसाहेबांच्या घरी गेली. आई तिच्याबरोबर होती, म्हणून मला हे कळलं. दिवाणखान्यात दोघींना बसवलं, सरबत दिलं. बाईसाहेब आल्या त्या रडवेल्या चेहऱ्यानंच.

"काल रात्रभर मला झोप नाही," त्या म्हणाल्या. "त्या बिचारीचा हात डोळ्यांसमोरून हलत नाही."

"मग पाळणाघर उघडा, बाईसाहेब. पोरांनी काय केलंय?"

"मी एकटी काय करणार? निर्णय ट्रस्टचा आहे."

"मीही ट्रस्टी आहे. मला कुणी विचारलं?"

बाईसाहेबांचा चेहरा बदलला. चिडल्या नाहीत त्या, दुखावल्या. "तुमच्यासाठी मी किती जीव टाकला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्याच दारात मला जाब विचारायला आलात?"

आई सांगते, त्या क्षणी मावशीला ओशाळल्यासारखं झालं. चूक आपलीच असल्यासारखी ती हातातल्या पेल्याकडे बघत बसली. सरबत तसंच टाकून दोघी बाहेर आल्या.

तरी बाईसाहेबांनी बैठक बोलावली. मावशी गेली. पाळणाघर उघडावं की बंद ठेवावं यावर मत घेतलं. बंद ठेवायच्या बाजूनं सगळे हात वर झाले. "कुणाचा विरोध?" असं विचारल्यावर मावशीनं एकटीनं हात वर केला. मग गोडबोल्या हळुवारपणे म्हणाला, "मावशींच्या भावना आपण सगळेच समजू शकतो." आणि पुढचा विषय सुरू झाला. घरी आल्यावर मावशी आईला म्हणाली, "त्यांनी हात वर केला ते मत. मी केला ती भावना."

तिनं अंगरखा धुतला, इस्त्री करून परत पाठवला आणि आपल्या खोलीत पाळणाघर पुन्हा मांडलं. आया पाळीपाळीनं फाटकाशी बसायच्या आणि पाळीपाळीनं पोरांकडे यायच्या. ते दिवस उपासमारीचे होते, पण मावशीला इतकी खुशीत मी आधी पाहिलं नव्हतं. टोपल्या मात्र कमी पडत होत्या, म्हणून ती ट्रस्टकडून आपल्या जुन्या टोपल्या आणायला गेली. पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं नाही. तिथलं सगळं सामान ट्रस्टच्या मालकीचं आहे, असं त्याला सांगून ठेवलं होतं.

बायका डगमगत नाहीत असं दिसल्यावर ट्रस्टची माणसं रोलरवालीकडे इस्पितळात गेली. औषधपाण्याचा सगळा खर्च, पुढं खोटा हात, मुलीचं शिक्षण, सगळं ट्रस्ट करणार होता. तिनं एवढंच लिहून द्यायचं होतं, की लाँड्रीविरुद्ध आपली काही तक्रार नाही.

मावशीला कळलं तशी ती धावत गेली.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "ही तुझी भरपाई आहे, ती तुला मिळायलाच हवी. ते तीच तुला भीक म्हणून घालून तुझं तोंड बंद करतायत."

"मिळायलाच हवी ती कधी मिळेल?"

"वेळ लागेल. पण आम्ही सगळ्या आहोत ना तुझ्यामागं."

रोलरवालीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला ट्रस्टी केलं तेव्हा मी आडवी आले होते का? अंगरखा घातलास, फोटो काढून घेतलेस, पगार घेतलास. मी म्हटलं, बरं झालं, आपली बाई वर गेली. आता माझी पाळी आली तर घेऊ नको म्हणतेस?"

"माझं चुकलं होतं."

"चुकायला तुला दोन हात होते, मावशी," रोलरवाली म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

समारंभ लाँड्रीच्या आवारातच झाला. रोलरवालीला व्यासपीठावर बसवलं, बाईसाहेबांनी तिला मिठी मारली. पुष्पगुच्छ डाव्या हातात सावरेना, तर गोडबोल्यानं पुढं होऊन खालून आधार दिला. हॉटेलवाल्यांचा माणूस पहिल्या रांगेत होता. त्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. जिच्यासाठी बसलो तिचीच तक्रार नाही म्हटल्यावर फाटकासमोर बसायचं कशासाठी? बायका एकेक करून कामावर गेल्या. माझी आई सगळ्यांत शेवटी गेली. दांडीची तार कुणीतरी गुपचूप सोडून टाकली होती, रोलरचा वेग तेवढाच राहिला.

पोरं पंख्याखाली परत गेली. मावशीनं एकाही आईला अडवलं नाही. तिची ट्रस्टीपदाची मुदत संपल्याचं तिला निरोपानं कळवलं गेलं. मुदत असते हेच तिला तोवर माहीत नव्हतं. तिच्या जागी, वस्तीचा आवाज म्हणून, रोलरवालीला घेतलं. बैठकीतल्या त्या चाकांच्या खुर्चीत बसून एका हातानं टेबलाची कड धरायची म्हणजे सोपं नसणार. रस्त्यात भेटली तर रोलरवाली थांबायची, काहीतरी बोलू बघायची. मावशी पलीकडून निघून जायची.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. ट्रस्टची आणखी पाळणाघरं निघाली आहेत, बाईसाहेबांचा ठिकठिकाणी सत्कार होतो. मावशी बरीच वर्षं ज्या बायका लाँड्रीत नव्हत्या त्यांची पोरं सांभाळत राहिली, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तेही थांबलं. पण तिच्यात जो बदल झाला तो गुडघ्यांमुळे नाही. ती कुणाकडून काही घेईनाशी झाली. शेजारीण वाटीभर साखर घेऊन आली तर दारातून परत. तिनंच वाढवलेली पोरं, आता कमावती झालेली, भेटायला येतात. काही आणलं असेल तर ते बाहेर ठेवूनच त्यांना आत यावं लागतं. हळूहळू येणारेही कमी झाले. पूर्वी तिच्या घरात कोणती वस्तू कुणाची हे सांगता यायचं नाही, इतकी देवघेव असे. आता तिथं एक खुर्ची, एक पलंग आणि तिची स्वतःची चार भांडी आहेत. आई म्हणते, "त्या लोकांनी हिचं पाळणाघर घेतलं ते घेतलंच, पण हिचा स्वभावही घेऊन गेले."

मी आता शाळेत शिकवते. गेल्या थंडीत मी तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणला. विणताना मला खात्री होती की माझ्याकडून ती घेईल. मी स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्यावरून हात फिरवला, टाके पाहिले, बाही उलटून शिवण पाहिली. मग शांतपणे विचारलं,

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? थंडी आहे म्हणून."

"आणि मी काय करायचं त्याच्या बदल्यात?"

"मावशी, काय बोलतेस? मी तुझी भाची आहे."

तिनं स्वेटरची नीट घडी घातली, चारही कडा जुळवून, लाँड्रीत घालायच्या तशी, आणि तो माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "चहा ठेवते. तो मात्र पिऊन जा."

मी चहा प्याले. ती समोर बसून थंडीनं काकडत होती, आणि मला निघायची घाई नव्हती तरी मी लवकर उठले.